अभ्यंग तेल, दिवाळी २०२५ : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५, कुडाळ

बचत गटाची बैठक. गेल्या दिवाळीत ओळखीपाळखीत वाटलेलं अभ्यंग तेल यंदा दुकानात ठेवायचंय. दादरच्या एका दुकानदाराने विचारणा केली आहे. पहिली बॅच १० किलोची. फार्मसी शिकलेली सून म्हणून कृती पक्की करण्याचं काम माझ्याकडे.

गटाच्या वहीतली कृती अशी: १०० मिली खोबरेल, लवंगतेल ४० थेंब, दालचिनी तेल ४० थेंब, गवती चहाचं तेल ६० थेंब. कढत पाण्यावर कोमट करून बाटलीत भरा.

दोन प्रश्न लगेच पडले. थेंब किती वजनाचा? आणि दालचिनीचं तेल कशाचं, सालीचं की पानाचं? दोन्हींचं उत्तर वहीत नाही. ड्रॉपर आणि तिन्ही बाटल्या घरी आणल्या.

१४ जून

दोन दशांशांपर्यंत दाखवणारा काटा लावून गटाच्याच ड्रॉपरने थेंब मोजले. लवंगेचे ४० थेंब १.१ ग्रॅम. दालचिनीचेही तेवढेच. गवती चहाचे ६० थेंब १.३ ग्रॅम. गवती चहाचा थेंब हलका पडतो. ग्लासभर पाण्यात तिन्हींचा एकेक थेंब सोडला, तर लवंग आणि दालचिनी तळाला जाऊन बसली, गवती चहा वर तरंगत राहिला. ड्रॉपर बदलला की हे आकडेही बदलणार, म्हणून इथून पुढे वहीत थेंब लिहायचे नाहीत, ग्रॅमच लिहायचे.

१०० मिली खोबरेल साधारण ९२ ग्रॅम भरतं. म्हणजे जुन्या तेलात लवंग सुमारे १.१५ टक्के, दालचिनी तेवढीच, गवती चहा १.३ टक्क्यांच्या वर.

टिझरँड आणि यंग यांच्या सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवरच्या ग्रंथात त्वचेवर राहणाऱ्या तेलासाठी वरची मर्यादा अशी दिली आहे: लवंग ०.५ टक्के, गवती चहा ०.७, दालचिनीचं पान ०.६, दालचिनीची साल ०.०७. लवंग आणि गवती चहा दुपटीच्या आसपास जातात. दालचिनी पानाची असेल तर तीही दुप्पट, सालीची असेल तर सोळापट. सगळा प्रकल्प आता त्या एका बाटलीवर अडलाय.

१७ जून

बाटलीवर छापलंय, "दालचिनी तेल, १००% शुद्ध". पुढे काही नाही. कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन अर्ध्या तासाने हुंगला. पानाच्या तेलाला लवंगेचा वास मारतो, कारण त्यात बहुतांश युजेनॉल हा रेणू असतो आणि लवंगेतही तोच. ही पट्टी चहाच्या मसाल्यासारखी गोड. म्हणजे साल, किंवा सालीच्या नावाखाली कॅसिया, दालचिनीचीच स्वस्त भावकी. खऱ्या सालीचं तेल पानाच्या तेलाच्या कितीतरी पट महाग, आणि ही बाटली स्वस्त. मला कॅसियाचाच संशय.

विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, एकदम प्युअर आहे." शुद्ध असेलही. शुद्ध कॅसिया. मला शुद्धतेचं प्रमाणपत्र नको होतं, या बॅचमध्ये कोणते रेणू किती आहेत तो गॅस क्रोमॅटोग्राफीचा कागद हवा होता. पाठवतो म्हणाले.

२१ जून

गटात या विषयावर बोलायचंच होतं, आज निमित्त मिळालं. आमच्यातल्या एका काकींच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची टोकं कोरडी पडून भेगाळली आहेत, मधूनच खाज. गटात येण्यापूर्वी त्या दुसरीकडे डोकेदुखीच्या बामच्या डब्या भरायच्या, तेव्हापासूनचं हे. दिवाळीच्या कामात वाढतं, पावसाळ्यात कमी होतं. त्यांना वाटत होतं, साबणाने होतं.

जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. तेलाने त्वचेला त्रास होण्याच्या दोन वाटा. पहिली चुरचुरीची: तेल तीव्र होतं, जिथे लागलं तिथे लगेच आग झाली, धुतल्यावर थांबली. ती कोणालाही होऊ शकते. दुसरी ॲलर्जीची, आणि तिची सुरुवात दिसतच नाही. सालीतल्या सिनॅमाल्डिहाइडसारखा किंवा युजेनॉलसारखा छोटा रेणू त्वचेत शिरतो आणि तिथल्या प्रथिनाला चिकटतो. त्वचेतल्या पहारेकरी पेशी तो जोड उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, तयार होतात. याला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात आणि तोवर अंगावर काहीही उमटत नाही. पोलीस पाटलाच्या वहीत एकदा नाव चढलं की पुढे गावात काहीही झालं तरी पहिली विचारणा त्याच घरी, तसं होतं. पुढच्या वेळी तोच रेणू अगदी थोडा लागला तरी एक ते तीन दिवसांनी पुरळ येतं. आणि ही ओळख बहुधा आयुष्यभर राहते.

एक वहिनी म्हणाल्या, "मी इतकी वर्सा दाढेक लवंगेचा त्याल लावतंय, माका काय झाला?" झालं नाही ते बरंच, पण इतकी वर्षं झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं म्हणता येत नाही. उलट ज्यांना होतं त्यातले कित्येक जण आधी वर्षानुवर्षं बिनधास्त वापरणारेच असतात.

काकींना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं ठरलं. तोवर त्यांनी तेलाच्या बाटल्यांना हात लावायचा नाही. त्यांना ते आवडलं नाही.

२८ जून

कागद आला. सिनॅमाल्डिहाइड ८० टक्क्यांच्या वर, युजेनॉल नावापुरतं, आणि कुमारिनची ठळक नोंद. सिलोनी दालचिनीच्या सालीत कुमारिन अगदी अल्प असतं, कॅसियात भरपूर. म्हणजे कॅसियाच. बाटलीला लाल पट्टी लावून वरच्या फळीवर ठेवली: त्वचेसाठी नाही.

सिनॅमाल्डिहाइडची तीव्रता समजायला एक तुलना पुरेशी आहे. सुगंध उद्योग ज्या आकड्यावरून मर्यादा काढतो तो आकडा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर किती मात्रेपर्यंत नव्याने ॲलर्जी जडणार नाही अशी अपेक्षा असते, युजेनॉलसाठी ५९०० मायक्रोग्रॅम आहे, गवती चहातल्या सिट्रलसाठी १४००, सिनॅमाल्डिहाइडसाठी ५९०. हे आकडे थेट वापरायचे नसतात. माणसामाणसातला फरक, वापराची पद्धत, त्वचेची अवस्था हे धरून त्यांना मोठ्या भाजकाने भागतात.

आपल्याकडे दालचिनी मागच्या दारी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात गटातल्या बऱ्याच जणींच्या परसात लावलेली आहे. साल काढली की पाला तसाच पडून राहतो. पानाचं तेल आपणच काढायचं. उगाच बाहेरून गोड वासाची बाटली आणत होतो.

परवान्याचंही आज मिटलं. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, घर छोटं की कारखाना मोठा याने फरक पडत नाही. मिसळणं आणि बाटल्या भरणं कोल्हापूरकडच्या एका परवानाधारक युनिटमध्ये होईल. सुगंधी तेलं, कृती आणि लेबलचा मजकूर आमचा.

५ जुलै

भट्टी लावली. गवती चहासाठी वापरतो त्या भट्टीत दालचिनीचा पाला घातला तर तेल मिळतच नाही असं गेल्या वर्षी सगळ्या म्हणत होत्या. आज कारण समोर दिसलं. गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून आमच्या गाळणीच्या भांड्याची तोटी वरच्या बाजूला आहे. पानाचं तेल पाण्यापेक्षा जड. ते तळाला साचत होतं आणि आम्ही वरचं पाणी तेल समजून हुंगत बसत होतो, खालचं पाण्याबरोबर नाल्यात. आज तळाला तोटी असलेली काचेची नळी लावली. फिकट पिवळ्या तेलाचे मणी घरंगळत खाली जमा होताना बघायला सगळ्या भट्टीभोवती.

लोखंडी भांडं इथे चालत नाही. युजेनॉल लोखंडाला लागलं की काळपट जांभळं पडतं. स्टीलच. काढलेल्या तेलात उरलेलं पाणी निर्जल सोडियम सल्फेट टाकून शोषून घेतलं, गाळून तपकिरी बाटलीत गळ्यापर्यंत भरलं. नमुना तपासणीला पाठवला.

१२ जुलै

पानाच्या तेलाचा अहवाल: युजेनॉल ८० टक्क्यांच्या आसपास, लिनालूल आणि बेंझिल बेंझोएट थोडं थोडं, सिनॅमाल्डिहाइड एक-दीड टक्का. हवं तसं.

आता हिशेब. लवंग ०.५ आणि दालचिनी पान ०.६ या दोन मर्यादा वेगवेगळ्या दिसतात, पण दोन्ही तेलांमागे रेणू एकच आहे, युजेनॉल. दोन्ही एकाच तेलात घालायची तर त्यांची बेरीज धरायची. हे बऱ्याच घरगुती कृतींत सुटतं. पाच तेलं, प्रत्येक आपापल्या मर्यादेत, आणि त्वचेला मात्र एकच रेणू दुप्पट मिळतो.

दुसरा मुद्दा, अभ्यंग तेल कशात धरायचं? लावून ठेवायच्या वस्तूत की धुऊन टाकायच्या? जिनिव्हाची इफ्रा ही सुगंध उद्योगाची संस्था वापरानुसार बारा गट करते आणि प्रत्येक गटाची मर्यादा वेगळी. साबणासारख्या धुऊन जाणाऱ्या वस्तूला ढील जास्त. दिवाळीला तेल लावून अर्ध्या तासाने उटणं लावून धुतात, म्हणून ढील घ्यावी असा मोह होतो. पण आमच्या घरातच पाहिलं तर नरकचतुर्दशीला उरलेली बाटली पुढे महिनाभर रोज रात्री पायांना चोळली जाते आणि कोणी धुवत नाही. म्हणून मी ते लावून ठेवायच्या वस्तूत धरलंय. कोल्हापूरच्या युनिटमधल्या केमिस्टला हे फार कडक वाटलं. मला नाही.

तिसरा, दर चौरस सेंटिमीटरचा. मोठ्या माणसाचं अंग अंदाजे १६,००० चौरस सेंटिमीटर. १० ग्रॅम तेल सगळ्या अंगाला चोळलं तर दर चौरस सेंटिमीटरला ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात युजेनॉल ०.१६ टक्के असेल तर एक मायक्रोग्रॅम. याउलट निर्भेळ लवंगतेलाचा एक थेंब, २५ मिलिग्रॅम, दोन चौरस सेंटिमीटरवर बोटाने चोळला तर युजेनॉल १०,००० मायक्रोग्रॅमच्या घरात जातं. दहा हजारपट फरक. काकींच्या बोटांना अभ्यंग करणाऱ्यापेक्षा जास्त धोका का, ते इथे कळतं. भरणारीच्या बोटांवर निर्भेळ तेल सांडतं, ते रोज सांडतं आणि त्याच दोन बोटांवर सांडतं.

१९ जुलै

वासावरून भांडण. नव्या प्रमाणाचा नमुना नेला तर काकी म्हणाल्या, "वास येना नाय तर त्येका त्याल कोण म्हणतलो?" खरं आहे त्यांचं. गिऱ्हाईक झाकण उघडून हुंगतं, टक्के वाचत नाही.

पण खोलीत दिवसभर भट्टी चालू होती. अशा नाकाला काहीच कळत नाही. नमुने घेऊन सगळ्या बाहेर पडवीत गेलो, थोडा वेळ पावसाच्या हवेत बसलो, मग तेल मनगटावर न लावता कोमट करून वाटीत हुंगलं. निम्म्या जणींचं मत बदललं. उरलेल्यांसाठी वाळ्याचं तेल आणलं. वाळा स्वतः मंद पण टिकाऊ. त्याच्या आधाराने गवती चहाचा वास उडायला वेळ लागतो, आणि ॲलर्जीच्या बाबतीत त्याची मर्यादा या बाकीच्यांपेक्षा बरीच सैल.

शेवटी सगळ्यांना पटलेलं प्रमाण, १० किलोसाठी:

खोबरेल ७ किलो, तिळाचं तेल २.९२ किलो, वाळा ३० ग्रॅम, गवती चहा २० ग्रॅम, दालचिनी पान १२ ग्रॅम, लवंग ८ ग्रॅम, टोकोफेरॉल (व्हिटॅमिन ई, तेल खवट होऊ नये म्हणून) १० ग्रॅम.

सुगंधी तेलं मिळून ०.७ टक्के. युजेनॉल ०.१६, सिट्रलही तेवढंच. तीळ घालण्याचं कारण पुण्याची पहाट: २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं आणि दिवाळीच्या अंघोळीला बाटली उपडी करून बसावं लागतं.

२ ऑगस्ट

दुकानदाराचा फोन. हल्ली बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक सुवासिक फळ) चालतं, त्यात घालाल का? नाही.

बर्गमॉटच्या सालीच्या दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचा रेणू असतो. तो त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे डाग पडतात आणि काळे व्रण महिनोन्‌महिने राहतात. ही ॲलर्जी नाही, पहिल्याच वेळी आणि कोणालाही होऊ शकते. म्हणून त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत त्याची मर्यादा ०.४ टक्के. कागदी लिंबाच्या दाबून काढलेल्या तेलाचंही तसंच. वाफेवर काढलेल्या लिंबूतेलात मात्र हे रेणू वर येत नाहीत. गोड संत्र्याचा हा त्रास नाही. आपल्याकडे हेच काम बावची करते, कोडावर तिचं तेल लावून उन्हात बसवतात ते याच गुणासाठी, आणि जास्त झालं की फोड येतात तेही याच गुणामुळे.

तेल लावून पहाटे न्हायचं आणि दिवसभर नवे कपडे घालून उन्हात फिरायचं, असा सण आहे हा. बर्गाप्टेन काढून टाकलेलं बर्गमॉट मिळतं, पण त्याचा कागद मागत बसण्यापेक्षा नाहीच म्हटलं.

११ ऑगस्ट

कपाट आवरलं. संत्र्याच्या तेलाची जुनी बाटली सापडली, निम्मी रिकामी, झाकणाऐवजी ड्रॉपरच लावून ठेवलेला. रबराचा फुगा सुजून चिकट झालेला, बोटाला काळा लागत होता. सुगंधी तेलाने रबर फुगतं आणि थर्मोकोल तर विरघळतं. गेल्या वर्षी लवंगतेल थर्मोकोलच्या वाटीत ओतलेलं तेव्हा वाटीला भोक पडलं होतं ते सगळ्यांना आठवलं. ड्रॉपर वापरून बाजूला ठेवायचा, बाटलीला आतल्या अस्तराचं घट्ट झाकण.

रबरापेक्षा मोठी गोष्ट आतली. संत्र्याच्या तेलातलं लिमोनिन आणि बऱ्याच सुगंधी तेलांतलं लिनालूल हे रेणू ताजे असताना फारसे ॲलर्जी करत नाहीत. हवा लागून त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते जोरकस. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ॲन-थेरेस कार्लबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडलं. आता त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टमध्ये (संशयित पदार्थ पाठीला चिकटवून बघायची चाचणी) हवा लागलेलं लिनालूल आणि लिमोनिन वेगळं लावून बघतात. टी ट्रीचंही तसंच, जुनं झालं की बिघडतं. म्हणजे बाटलीवरचा "१००% शुद्ध" हा शिक्का खरा असूनही आतलं तेल वर्षभराने वेगळंच असू शकतं.

जुनी बाटली फरशी पुसायलाही ठेवली नाही, हात लागतोच. उरलेल्या सगळ्यांवर उघडल्याची तारीख लिहिली. मोठ्या बाटलीतून छोट्यांत, गळ्यापर्यंत भरून, फ्रिजमध्ये, वेगळ्या डब्यात. लहान मुलाच्या हाती लागणार नाही असं. घरात भीमसेनी कापूर उघडा पडलेला असतो त्याबद्दलही बोलले. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात, थोडासाही पुरतो.

२४ ऑगस्ट

गणपती तोंडावर. कोणीही काम करणार नाही आणि मीही करणार नाही.

१० सप्टेंबर

काकींच्या पॅच टेस्टचा निकाल. पाठीवर चकत्या लावून ४८ तासांनी काढल्या, तेव्हा एक वाचन आणि ९६ तासांनी दुसरं. पहिल्या वाचनात फ्रॅग्रन्स मिक्सच्या, म्हणजे सुगंधी पदार्थांच्या मिश्रणाच्या, जागी नुसता लालसर ठसा होता, दुसऱ्यात तिथे बारीक पुटकुळ्या. दुसरं वाचन का सोडायचं नसतं ते यावरून कळेल. या मिक्समध्ये आठ गोष्टी असतात. सिनॅमाल्डिहाइड, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, जिरॅनिऑल त्यातल्याच. नेमकी कोणती ते वेगळं तपासायला मोठ्या शहरात जावं लागेल. डॉक्टरांनी सुगंध असलेलं सगळंच टाळायला सांगितलं, आणि दाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायला, कारण दाढेत भरतात त्या एका सिमेंटमध्ये युजेनॉल असतं.

काकींचं काम बदलावं लागलं. उटण्याचं पॅकिंगही नको, त्यात वाळा, कचोरा, संत्र्याची साल. हिशेब आणि कुरियर त्यांच्याकडे. "माका घरात बसवलास मगो," म्हणाल्या. दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी सगळ्यात जलद बाटल्या भरणाऱ्या त्याच होत्या.

बाकीच्यांसाठी हातमोजे. पातळ रबरी नाहीत, नायट्राइलचे. आणि तेही निर्भेळ तेल सांडलं की लगेच बदलायचे, सकाळी घातले ते संध्याकाळपर्यंत नाही. आत तेल शिरलेला मोजा ते तेल बोटाला घट्ट धरून ठेवतो, त्यापेक्षा उघडा हात धुतलेला बरा.

२० सप्टेंबर

बाळांच्या तेलावरून माझं नवऱ्याशीही भांडण झालं. बाळाच्या पहिल्या दिवाळीला तेल-उटण्याची अंघोळ होतेच, आणि जावयाच्या बाटलीबरोबर नातवासाठीही तीच बाटली जाणार. लेबलवर "दोन वर्षांखालील मुलांसाठी नाही" लिहून प्रश्न सुटत नाही, कोणी वाचत नाही. तो म्हणाला, वास नसलेली दुसरी बाटली कोण घेणार?

मी बिनवासाची करायचं ठरवलंय: घाण्याचं खोबरेल आणि टोकोफेरॉल, बाकी शून्य. ५० मिलीची छोटी बाटली, मोठ्या बाटलीबरोबर एकाच खोक्यात. बाळाची त्वचा पातळ, वजनाच्या मानाने अंग मोठं, आणि तेल लागलेली मूठ सरळ तोंडात जाते. निलगिरी आणि कापूर बाळाच्या नाकाजवळ तर अजिबात नको. वास हवाच असेल तर आईच्या हातावरच्या तेलाचा येईल तेवढा.

२८ सप्टेंबर

खोक्यात घालायच्या चिठ्ठीचा मजकूर. सगळ्यात वेळ "आधी लावून बघा" या वाक्याने खाल्ला.

एकदा लावून अर्ध्या तासात काही झालं नाही, म्हणजे चालतं, हा समज सगळीकडे. त्यातून फक्त चुरचुर कळते. आधीच ॲलर्जी असेल तर ती कळायला कोपराच्या आतल्या बाजूला, पाच सेंटिमीटर चौकोनात, दिवसातून दोनदा, आठवडाभर तरी लावून बघावं लागतं. कापड बांधून नाही, उघडंच. आणि तयार तेलच लावायचं. निर्भेळ सुगंधी तेल हातावर लावून बघणं ही चाचणी नव्हे, त्यातूनच ॲलर्जी जडू शकते. ही चाचणी निर्धास्त पार पडली तरी पुढे होणार नाही याची हमी ती देत नाही. हे शेवटचं वाक्य चिठ्ठीत घालू नका, माल खपणार नाही, असं दुकानदार म्हणाला. घातलंय.

३ ऑक्टोबर, कोल्हापूर

काल दसरा, आज बॅच. सुगंधी तेलं आधी थोड्या तिळाच्या तेलात मिसळली आणि मग ते मोठ्या भांड्यात; थेट ओतली तर वाळा बाजूला चिकटून राहतो. खोबरेल ४० अंशांच्या खाली आल्यावरच. युनिटमधला पोरगा अंदाजाने ओतायला निघाला होता, त्याच्या हातात काटा दिला. बॅचचे दोन नमुने सीलबंद करून एक युनिटकडे, एक माझ्याकडे.

६ ऑक्टोबर

लेबल. घटक, बॅच क्रमांक, तारीख, परवाना क्रमांक, पत्ता ही कायद्याची बाजू. "सांधेदुखीवर गुणकारी" हे वाक्य काढायला लावलं, तो औषधाचा दावा झाला आणि त्याला परवानाही वेगळा.

युरोपात त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर असलेले ठरावीक सुगंधी ॲलर्जीकारक नावानिशी छापायचं बंधन २००५ पासून आहे. आधी यादी २६ जणांची होती, २०२३ च्या नियमाने ती ८० च्या पुढे गेली. आमचा माल तिकडे जात नाही, तरी आपणहून छापतोय: युजेनॉल, सिट्रल, जिरॅनिऑल, लिनालूल, लिमोनिन, बेंझिल बेंझोएट. १० किलोत ०.१ ग्रॅमच्या वर गेलेलं सगळं यात येतं, त्यामुळे पानाच्या तेलातून आलेलं जेमतेम सिनॅमाल्डिहाइडही छापावं लागलं. काकींसारखं ज्याला माहीत आहे की आपल्याला काय चालत नाही, त्याला "सुगंध" या एका शब्दाचा काही उपयोग नाही.

२५ ऑक्टोबर

माल भाऊबिजेआधीच संपला. बिनवासाची छोटी बाटली वेगळी मागणारी गिऱ्हाइकं निघाली, बहुतेक आज्या.

एक तक्रार. ठाण्याच्या एका बाईंच्या मानेवर आणि पापण्यांवर पुरळ, नरकचतुर्दशीनंतर दोन दिवसांनी. दोन दिवसांनी म्हणजे उशिराच्या ॲलर्जीशी जुळतं, म्हणून हलक्यात घ्यायचं नाही. फोनवर विचारलं: तेल कुठे कुठे लावलं, आधी कधी वापरलं होतं का, त्या आठवड्यात दुसरं नवं काय? तेल सगळ्या अंगाला, पुरळ फक्त मानेवर आणि पापण्यांवर. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी केसांना काळा रंग. रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी बहुधा कपाळ, मान आणि पापण्यांवरच उतरते. पण म्हणून तेलाला सोडून द्यायचं नाही. तेल, रंग, उटणं तिन्ही बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगितलं, आमची बाटली आणि रंगाचं खोकं दोन्ही बरोबर नेऊन. पूर्ण घटकांचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. नमुना बॅच हुंगून आणि बघून ठीक, तरी बाजूला काढून ठेवली.

८ नोव्हेंबर

ठाण्याच्या बाईंना पुरळ उतरल्यावर पॅच टेस्टची तारीख मिळाली आहे. आमचं तेलही जसंच्या तसं त्यात लावून बघणार आहेत. निकाल येईपर्यंत नवी बॅच नाही, दुकानदाराला तसं कळवलं. त्याला संक्रांतीसाठी माल हवाय. तक्रारवहीतली नोंद काकींच्या अक्षरात, "उघडी" म्हणून.

दालचिनीचा पाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिळणार नाही, त्यामुळे हाताशी असलेलं पानाचं तेल मोजून ठेवलं: दोन बॅचपुरतं आहे. लवंग संपली. नवी मागवताना कळीचं तेल, देठापानाचं नको, आणि पैसे देण्याआधी क्रोमॅटोग्राफीचा कागद.